बोअरच्या पाण्यात नायट्रेट ९२ आलंय, ६०० फुटांचा नवीन बोअर घ्यावा का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटाच्या पायथ्याचं, वस्ती दोन हजाराच्या आसपास. नळयोजनेचा बोअर १८० फुटांचा. एप्रिलमध्ये खाजगी लॅबमधून पाणी तपासलं तर नायट्रेट ९२, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ७६०, हार्डनेस (पाण्याचा जडपणा) ४९५, फ्लोराईड ०.८, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि कोलिफॉर्म जंतू 'प्रेझेंट'. सरपंच म्हणतात ६०० फुटांचा नवीन बोअर घेऊ, आरओवाला (पाणी शुद्ध करायचं मशीन विकणारा) म्हणतोय टीडीएस खाली आणला की विषय संपला, आणि तुम्हाला ह्याच पाण्यावर एमएस्सीचं प्रोजेक्ट करायचंय. माझी सगळी नोकरी मराठवाडा-विदर्भातल्या विहिरींचं पाणी मोजण्यात गेली त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, पण उत्तर आधीच सांगतो. खोल बोअर घेऊ नका. हे नायट्रेट वरून आलेलं आहे, त्यामुळे खाली पळून त्यातनं सुटका होत नाही, ते नेमकं कुठून शिरतंय ते शोधावं लागेल.

आधी तो रिपोर्ट खरा आहे का ते बघू, कारण बरेच जण ही पायरी गाळतात आणि थेट आरओवाल्याला फोन लावतात. तुम्ही पूर्ण रिपोर्ट टाकलाय हे फार बरं केलंत. कॅल्शियम ९६, मॅग्नेशियम ६२, सोडियम ८५, पोटॅशियम ४, बायकार्बोनेट ३६६, क्लोराईड १४२, सल्फेट ७७, नायट्रेट ९२, सगळं मिलिग्रॅम प्रति लिटर. पाण्यात धन भार आणि ऋण भार सारखेच असायला लागतात, तो निसर्गाचा हिशोब आहे, त्यामुळे प्रत्येक आकड्याला त्याच्या सममूल्य वजनाने (त्या घटकाचं रासायनिक वजन भागिले त्याच्यावरचा भार, कॅल्शियमला ४० भागिले २ म्हणजे २०) भागायचं आणि दोन्ही बाजूंची बेरीज करायची. कॅल्शियम ४.८, मॅग्नेशियम ५.१, सोडियम ३.७, पोटॅशियम ०.१, झाले १३.७. दुसऱ्या बाजूला बायकार्बोनेट ६.०, क्लोराईड ४.०, सल्फेट १.६, नायट्रेट १.५, झाले १३.१. फरकाला एकूण बेरजेनं भागलं तर दोन टक्क्यांच्या जरा वर येतो. पाच टक्क्यांच्या आत असला की आम्ही रिपोर्ट ठेवून घेतो. म्हणजे लॅबने काम नीट केलंय.

ह्याच हिशोबातून आणखी एक शंका मिटते. काही लॅब नायट्रेट 'नायट्रेट' म्हणून देतात, काही त्यातला फक्त नायट्रोजन देतात, आणि दोघांत ४.४३ पटीचा फरक आहे. आपल्याकडचं मानक, आयएस १०५००, नायट्रेट म्हणून ४५ ची मर्यादा देतं, अमेरिकेत तीच मर्यादा नायट्रोजन म्हणून १० लिहितात. तुमचे ९२ जर नुसता नायट्रोजन असता तर नायट्रेट ४०७ झालं असतं, ऋण भाराची बेरीज १८.२ वर गेली असती आणि हिशोब चौदा टक्क्यांनी चुकला असता. तो चुकत नाहीये, म्हणजे ९२ हे नायट्रेटच आहे. मर्यादेच्या दुप्पट. आणि टीडीएस, हार्डनेसला पर्यायी पाणी नसेल तर मानकात सूट आहे, २००० आणि ६०० पर्यंत, पण नायट्रेटला काहीच सूट नाही, ४५ म्हणजे ४५. म्हणून आरओवाल्याने टीडीएसवर बोट ठेवलं तरी तुमची नजर तिकडे जाऊ देऊ नका. ७६० टीडीएस आपल्या बेसाल्टच्या भागात अगदी नेहमीचा आहे, त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

बीडचं हे एकट्याचं दुखणं नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातल्या जवळपास २० टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर निघालं, आणि जास्त त्रास असलेल्या पंधरा जिल्ह्यांची नावं आहेत त्यात आपले सात आहेत, वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ.

आता खोल बोअरचं. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांच्या वर भाग दख्खनच्या बेसाल्टवर बसलाय आणि हा खडक एकावर एक ठेवलेल्या चपात्यांच्या चळतीसारखा आहे, लाव्हाचा एक थर, त्यावर दुसरा. प्रत्येक थराचा वरचा भाग भोकांभोकांचा, झिजलेला, मुरमाड, त्यात पाणी राहतं. मधला भाग काळा पाषाण, त्यात पाणी फक्त भेगांमधून. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे गेरूसारखा लाल मातीचा पट्टा. आपल्या विहिरी ज्या पाण्यावर चालतात ते बहुतेक पहिल्या पंधरा-वीस मीटरमधलं, त्या झिजलेल्या भागातलं असतं. खाली दोनशे, चारशे फुटांवर जे लागतं ते भेगेतलं, आणि ती भेग कुठेतरी वरच्याच पाण्याला जोडलेली असते. पाणाड्या नारळ घेऊन फिरला काय किंवा मशीन आणलं काय, ही रचना बदलत नाही.

बोअर मारताना केसिंग पाईप घालतात ते फक्त मुरूम ढासळू नये म्हणून वरच्या वीस-चाळीस फुटांत. पाईप आणि खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरायला पाहिजे, ते बहुतेक ठिकाणी भरतच नाहीत, गाडीवाल्याला रात्रीत दुसऱ्या गावाला जायचं असतं. मग उकिरड्याजवळचं, गटाराजवळचं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं. नवीन ६०० फुटी बोअरचा पहिला रिपोर्ट कदाचित छान येईल हेही सांगून ठेवतो, कारण खोल पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि तिथले जीवाणू नायट्रेट मोडून नायट्रोजन वायू करतात. सगळे खूश होतील, योजना पूर्ण झाली म्हणून बिल निघेल. पण रोज आठ-दहा तास मोटर चालली की खालच्या भेगा रिकाम्या होतात आणि वरचं पाणी त्यांत ओढलं जातं, एक-दोन वर्षांत नायट्रेट परत वर.

शिवाय फ्लोराईड. ते खडकातनं येतं, पाणी जितका जास्त काळ खडकात मुरतं तितकं वाढतं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर फ्लोराईड विरघळायला अडतं, आणि खोल पाण्यात बरेचदा कॅल्शियम कमी होऊन सोडियम वाढलेलं असतं. तुमच्या आजच्या पाण्यात कॅल्शियम ९६ आहे म्हणून फ्लोराईड ०.८ वर थांबलंय. खाली गेलात तर १.५ ची मर्यादा ओलांडायची शक्यता मी गंभीरपणे घेईन. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात फ्लोराईडने पोरांच्या दातांचं आणि म्हाताऱ्यांच्या हाडांचं काय होतं ते पाहिलेला माणूस एका विषातून दुसऱ्या विषात जायचा सल्ला देणार नाही. आणि कायदाही आहे, २००९ चा भूजल अधिनियम २०१४ पासून लागू झाला, त्यात ६० मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खालची विहीर ही खोल विहीर धरतात आणि अधिसूचित क्षेत्रात ती घ्यायला निर्बंध आहेत. तुमचा पाणलोट अधिसूचित आहे का ते जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात विचारा.

मग नायट्रेट येतंय कुठून. उमेदवार तीन, शेतातला युरिया, गोठा-उकिरडा, आणि संडासाचे शोषखड्डे. युरियाचा हिशोब करून बघा. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन म्हणजे २०.७ किलो, त्याचं नायट्रेट झालं तर साधारण ९२ किलो. त्याचा दहावा हिस्सा जरी मुळांच्या खाली निघून गेला तरी ९.२ किलो, आणि तेवढं नायट्रेट दोन लाख लिटर स्वच्छ पाणी ४५ च्या मर्यादेपर्यंत आणायला पुरतं. एक गोणी. ऊस आणि कापसाला एकरी किती गोण्या पडतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पण म्हणून लगेच शेतकऱ्याच्या डोक्यावर खापर फोडू नका, कारण तुमच्या रिपोर्टमध्ये क्लोराईड १४२ आहे आणि कोलिफॉर्म आहेत. युरियात क्लोराईड नसतं. माणसाच्या आणि जनावराच्या मलमूत्रात मिठामुळे भरपूर असतं. गावातला बोअर आणि गावापासून लांब शेतातली विहीर यांचं नायट्रेट आणि क्लोराईड शेजारी शेजारी मांडा. दोन्ही बरोबरीनं वाढत असतील तर वस्तीकडे बघायचं, नायट्रेट वाढतंय आणि क्लोराईड जागेवर असेल तर शेताकडे. क्लोराईड पोटॅशच्या खतातनंही येतं हे लक्षात असू द्या, म्हणून एका खुणेवर निकाल द्यायचा नाही. मातब्बर पुरावा नायट्रोजनच्या समस्थानिकांचा (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू), रासायनिक खतातल्या नायट्रोजन-१५ चं मूल्य शून्याच्या आसपास असतं आणि शेण-मैल्याचं दहा ते वीस प्रति हजारपर्यंत चढतं. ही तपासणी महाग आहे, गाईडची ओळख असेल तर दोन-तीन निवडक नमुन्यांची करून घ्या, सगळ्यांची गरज नाही.

कोलिफॉर्म 'प्रेझेंट' एवढ्यावरही थांबू नका, ते नुसते मातीतले पण असतात. ई. कोलाय, म्हणजे आतड्यातले जंतू, आहेत का ते विचारा, मानक सांगतं की १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये. ते सापडले म्हणजे मैल्याचं पाणी आत येतंय, आणि तेही ताजं. शोषखड्डा पाण्यापासून पंधरा मीटर लांब असला की चालतं असा जो नियम लोक पाठ म्हणतात तो मातीत ठीक आहे. भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये पाणी भेगेतनं गाळणी न होता धावतं, तिथे पंधरा मीटरचा भरवसा मी धरत नाही.

नमुना घेण्याबद्दल थोडं खोलात लिहितो कारण प्रोजेक्टची इमारत इथेच उभी राहते किंवा पडते. टाकीखालच्या नळाचा नमुना बोअरचा म्हणून देऊ नका. मोटर सुरू करा, डिलिव्हरी पाईपच्या तोंडाशी बादली धरा, त्यात ईसी मीटर (पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं यंत्र) ठेवा आणि आकडा बघत बसा. आधी तो हलतो, कारण पाईपमधलं शिळं पाणी येत असतं, मग एका जागी स्थिर होतो, तेव्हाच बाटली भरायची. मीटर त्या दिवशी सकाळी १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणावर लावून घेतलेलं असावं. रासायनिक तपासणीची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळा, काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका. जंतूंच्या तपासणीची बाटली मात्र निर्जंतुक येते, ती विसळायची नाही, तोंडाला बोट लावायचं नाही, आणि पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेली असेल तर बाटलीत आधीपासून सोडियम थायोसल्फेट असलं पाहिजे, नाहीतर उरलेलं क्लोरीन रस्त्यातच जंतू मारतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला. नायट्रेटच्या बाटलीलाही बर्फ लागतो, उन्हात गाडीच्या डिकीत दोन दिवस फिरलेल्या नमुन्याचा नायट्रेटचा आकडा मी वाचतसुद्धा नाही. बाटलीवर विहिरीचं नाव, तारीख, वेळ, पाण्याची पातळी, आणि शेजारी काय आहे ते लिहा, गोठा, संडास, ऊस, काहीही.

रोजच्या देखरेखीला गावात टेस्ट किट असेल, जलजीवन मिशनमध्ये बायकांना शिकवलंय, ते वापरा. जंतूंसाठी एचटूएस व्हायल (तपासणीची छोटी बाटली) पण असते, ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मंडळींनी १९८२ मध्ये काढलेली पद्धत, पाणी काळं पडलं की गडबड आहे. साधी आहे, स्वस्त आहे, आणि कामाची आहे.

एकाच रिपोर्टवर मात्र काहीच ठरवू नका. जमिनीत वर्षभर साठलेलं नायट्रेट पहिल्या मोठ्या पावसात खाली धुतलं जातं, त्यामुळे जून-जुलैत आकडा उडी मारू शकतो, मग पाऊस मुरत गेला की पातळ होतो. एप्रिलचे ९२ हे ऑगस्टमध्ये १३० असतील किंवा ५० असतील, आज कुणीच सांगू शकत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तुम्ही पण त्याच महिन्यांत मोजा म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येईल, आणि त्यात जुलैचा एक नमुना वाढवा. गावाच्या वरच्या अंगाला दोन-तीन विहिरी, वस्तीतला हापसा, जुना आड, हा बोअर, आणि ओढ्याच्या खालच्या अंगाच्या दोन-तीन, एवढं पुरेल. एकदाच पन्नास विहिरी फिरण्यापेक्षा दहा विहिरी वर्षभर धरून बसलेलं काम मला जास्त आवडतं.

प्रोजेक्टबद्दल अजून एक कळकळीने सांगतो, वॉटर क्वालिटी इंडेक्स काढून तेवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे असे ढिगाने पेपर निघतात, दहा घटकांना वजन देऊन एक आकडा काढायचा आणि पाणी 'चांगलं' का 'मध्यम' ते रंगवून नकाशा करायचा. तुमच्या पाण्यात पीएच चांगला, सल्फेट चांगलं, फ्लोराईड चांगलं, त्या सरासरीत नायट्रेट ९२ सहज लपून जाईल आणि इंडेक्स म्हणेल पिण्यायोग्य. बाटलीचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला सरासरीशी काही घेणंदेणं नसतं. पायपरची आकृती (पाण्यातल्या मुख्य क्षारांचं प्रमाण दाखवणारा आलेख) काढा, १९४४ पासून चालत आलीये, पाणी कोणत्या जातीचं ते एका नजरेत दिसतं, पण त्याच्या खाली विहिरीची पातळी, खडक आणि जमिनीचा वापर जोडा, तेव्हा त्याला संशोधन म्हणता येईल.

बाळांचा विषय निघालाच आहे तर आजपासून करायची गोष्ट. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ह्या पाण्यात पावडरचं दूध कालवून देऊ नका, नायट्रेटमुळे रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळं पडू शकतं. आईच्या दुधावरचं बाळ सुरक्षित असतं. आशाताईंना हे आजच सांगा. आणि पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट वाफ गेल्यामुळे वाढतं. तुरटी, कॅन्डल फिल्टर, यूव्ही, कशानेच जात नाही. आरओने कमी होतं हे खरं आहे, तात्पुरतं म्हणून मी त्याच्या विरोधात नाही, पण मशीन घेताना नायट्रेटचा आधीचा आणि नंतरचा रिपोर्ट लेखी मागा, आणि बाहेर पडणारं जाड पाणी कुठे सोडणार ते आधी ठरवा. बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडलं तर तेच नायट्रेट जास्त दाट होऊन परत तुमच्याकडे येणार.

आता आकड्यांतली आशेची बाजू बघा. दोन हजार माणसं, माणशी रोज ५५ लिटर, वर्षाचे झाले साधारण ४ कोटी लिटर. समजा गावशिवारात ५०० हेक्टरवर पाणी मुरतं आणि पावसाळ्यात पातळी पाच मीटर वर येते. बेसाल्टसाठी खडकाच्या आकारमानाच्या दोन टक्के पाण्याची साठवण धरतात, म्हणजे १०० मिलिमीटर पाणी साठलं, म्हणजे ५० कोटी लिटर. गावाच्या नळाला त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी लागतं. दुसरीकडे एक हेक्टर उसाला वर्षाला अंदाजे दोन कोटी लिटर जातं, म्हणजे पाच एकर ऊस अख्ख्या गावाच्या नळाइतकं पाणी पितो. तुमच्या गावात प्यायला पाणी कमी आहे हे मला पटत नाही, प्यायच्या पाण्याला राखीव जागा नाही एवढंच. हिवरेबाजारने शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली ती ह्याच हिशोबाने.

त्यामुळे माझ्या मते पैसा ६०० फूट खाली घालण्याऐवजी वरच्या अंगाला घाला. वस्तीच्या वर, ओढ्याच्या कडेला, पाझर तलावाच्या खाली एखादी उथळ विहीर जागेवर बघा, तिचा नायट्रेट तपासा, २०-३० निघालं तर गावाचा पिण्याचा स्रोत तीच. निम्मं तिचं आणि निम्मं बोअरचं पाणी टाकीत मिसळलं तरी आकडा साठाच्या आसपास येतो, ऐंशी टक्के तिचं घेतलं तर ४५ च्या खाली. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवीन विहीर-बोअर घ्यायला १९९३ च्या कायद्यापासून बंदी आहे, ग्रामसभेत ठराव करून ती पाळा. तेवढ्या पट्ट्यातले उकिरडे हलवा, विहिरीला कठडा आणि बाहेर उताराचा ओटा करा, पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना युरिया एकदम न टाकता तीन-चार हप्त्यांत टाकायला सांगा, पिकालाही ते जास्त लागू पडतं आणि त्यांचे पैसेही वाचतात.

आणि कुणी बोअर पुनर्भरणाची कल्पना आणली तर नीट बघा. छताचं स्वच्छ पाणी गाळणीतून सोडलं तर उत्तम आहे. पण रस्त्याचं, गोठ्याचं, शेतातलं पाणी थेट बोअरमध्ये सोडणं म्हणजे मातीची जी काही थोडीफार गाळणी आपल्याला मिळालीये ती पण बाजूला करणं. छताचं पाणी खरं तर प्यायलाच ठेवा, ५० चौरस मीटरच्या पत्र्यावर ६५० मिलिमीटर पावसात २६ हजार लिटर येतं, पाच माणसांच्या घराला पिण्या-स्वयंपाकाला रोज २५ लिटर धरलं तर वर्षाला नऊ हजार लागतात. सहा-साडेसहा हजार लिटरची झाकलेली टाकी कोरडे आठ महिने काढते. शाळा आणि अंगणवाडीपासून सुरुवात करा, तिथली पोरं लहान आहेत.

जंतूंसाठी तोपर्यंत टीसीएल चुकवू नका, चांगली पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, अर्ध्या तासाने ओटी टेस्टमध्ये (पाण्यात उरलेलं क्लोरीन दाखवणारी चाचणी) पिवळा रंग यायला हवा, शेवटच्या घरच्या नळालासुद्धा. पावडरची गोणी उघडी आणि ओली राहिली की तिच्यातलं क्लोरीन उडून जातं, जलसुरक्षकाला ती कोरड्या जागी बंद ठेवायला सांगा.

ग्रामसभेत हे मांडताना तुमचा रिपोर्ट, वरच्या अंगाच्या दोन विहिरींचा रिपोर्ट आणि ५० कोटी-४ कोटीचा हिशोब एका कागदावर न्या असं सांगेन, सरपंचांना विरोध करायला म्हणून नको, त्यांनाही चांगलं पाणीच द्यायचंय. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या पावसाआधी सगळ्या विहिरींची पातळी आणि नमुने घेऊन ठेवा, ती तुमची बेसलाईन. जुलैचे आकडे आले की इथेच टाका, क्लोराईड आणि पोटॅशियमसकट, मग स्रोत वस्तीत आहे का शेतात ते बसून बघू.